साडेचारलाच दिवे लागतात आणि मला रडू येतं

पत्र

नमस्कार ताई,

मी सांगलीची, वय ६३, निवृत्त शिक्षिका. लेकीच्या बाळंतपणासाठी सप्टेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत आले. ती बफेलोजवळ ॲम्हर्स्टला राहते. महिनाअखेरीस नात झाली. आले तेव्हा लख्ख ऊन होतं, ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी झाली, रोज संध्याकाळी फेरी मारून यायचे. दिवाळीनंतर सगळंच फिरलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे केली आणि दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. नातीला खिडकीशी धरून दाखवला, फोटो काढून ह्यांना पाठवले. तो आनंद दोन दिवस टिकला. आता आभाळ दिवसभर राखेसारखं असतं. ऊन बघून किती दिवस झाले ते आठवत नाही. दुपारी साडेचारला घरात दिवे लावावे लागतात आणि नेमकं तेव्हाच मला रडू येतं. बाथरूमचा नळ सोडून रडून घेते.

दुपारी डोळे मिटतात, पहाटे तीनला टक्क जाग असते. लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू मीच खाते. पूजेत मन लागत नाही. लेक म्हणते, बाहेर जाऊ नकोस, घसरशील. नातीला शेक-धुरी द्यावी म्हणून निखारे केले तर अलार्म वाजला, जावई धावत आले, लेक पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं आहे. लेकीची रजा नवीन वर्षात संपते, तेव्हाच तिला माझी खरी गरज. आणि मी डिसेंबरातच परत जायचा विचार करतेय. सोन्यासारखी नात मांडीवर असताना रडणारी मी कृतघ्न आहे का? हे हवेनं होतं, की मीच कमकुवत झालेय? जाऊ की राहू? आणि ते शेगडीचं, चूक कोणाची?

— एक आजी, ॲम्हर्स्ट

उत्तर

ताई,

कृतघ्न नाही, कमकुवत तर नाहीच. हवेनं असं होतं, आणि तुमच्यासारख्या उन्हात वाढलेल्या माणसाला जरा जास्तच होतं. नात मांडीवर असण्याचा आनंद खरा आहे आणि हे रडूही खरं आहे. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

हिशेब करून बघा. सांगलीत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. बफेलोत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. जेमतेम नऊ तास, तेही ढगांआडून. तुमच्या शरीरानं सहा दशकं जो उजेड गृहीत धरला, तो दोन महिन्यांत काढून घेतला गेला. त्यात घड्याळं मागे गेली, म्हणजे शनिवारी सहाला मावळणारा सूर्य रविवारी पाचलाच मावळला.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की बघण्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. बाहेर उजेड किती आहे एवढंच त्या मेंदूला कळवतात. त्यावरून मेंदू झोप, जाग, भूक, अंगातली तरतरी यांच्या वेळा लावतो. सकाळी पुरेसा उजेड डोळ्यांत गेला नाही की त्या वेळा विस्कटतात. दुपारी झापड, पहाटे टक्क जाग, गोडावर हात जाणं, आवडत्या गोष्टीत मन न लागणं, हे सगळं तुम्ही लिहिलंय. पहाटेच्या जागेत नातीचाही वाटा असेलच. पण बाकीचं चित्र ओळखीचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अशा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दर हिवाळ्यात खचणारी आणि वसंतात आपोआप सावरणारी माणसं होती ती. या आजाराला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात. तुम्हाला तोच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. ते निदान सलग दोन वर्षं तरी त्याच ऋतूत तोच त्रास झाला की डॉक्टर करतात, आणि तुमचा हा तिथला पहिलाच हिवाळा. शिवाय तुमची झोप मोडतेय, घर परकं आहे, नवरा दूर आहे. तरी उजेड कमी पडतोय एवढं नक्की, आणि त्यावर करण्यासारखं बरंच आहे.

आता त्या आभाळाबद्दल, कारण ते कधी उघडणारच नाही असं वाटायला लागलं की माणूस जास्त खचतो. बफेलो एरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. उन्हाळाभर तापलेलं ते पाणी नोव्हेंबरात अजून कोमट असतं, आणि कॅनडाकडून येणारा वारा थंड आणि कोरडा. तो वारा पाण्यावरून येताना खालून ऊब आणि बाष्प उचलतो, त्याचे ढग होतात आणि काठावर येऊन बर्फ टाकतात. हे सरोवर जवळजवळ ३९० किलोमीटर लांब आहे आणि नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं आहे. वारा त्याच्या लांबीला धरून वाहिला की सगळा माल बफेलोच्या दारात उतरतो. बर्फ पडत नाही त्या दिवशीही ढग तसेच राहतात. तुमचं राखाडी आभाळ हे त्या कोमट पाण्याचं आहे.

हा बर्फ पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. कोयनानगरला धो धो पाऊस आणि जत कोरडं, हे तुम्ही आयुष्यभर बघितलंय, तसंच काहीसं; फक्त इथे अंतर आणखी कमी असतं. २०१४ च्या नोव्हेंबरात बफेलोच्या दक्षिणेकडच्या काही गावांत पाच फुटांहून जास्त बर्फ साचला, लोक घरांत आणि गाड्यांत अडकले. त्याच दिवसांत शहराच्या उत्तरेला जेमतेम काही इंच होता. २०२२ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडच्याच ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच पडला. तुमचं ॲम्हर्स्ट उत्तरेकडे आहे, बहुतेक वेळा मोठ्या पट्ट्याच्या बाहेर राहतं. नेहमीच राहील असं नाही, म्हणून जावयांच्या फोनवर हवामान खात्याचा इशारा आला की दूध, औषधं, नातीचे डायपर आठवडाभराचे घरात असू द्या. पण बातम्यांत बफेलोचं नाव ऐकून सांगलीहून घाबरे फोन आले तर सांगा, आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत.

आणि हे सगळं पुढे बदलतं. पाच महासरोवरांत एरी सगळ्यात उथळ, त्यामुळे ते लवकर निवतं आणि कडक हिवाळा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर बर्फाचं झाकण येतं. पाणी झाकलं गेलं की ढगांना खाद्य मिळत नाही आणि ऊन जास्त वेळा दिसतं. थंडी तेव्हा आत्तापेक्षा जास्त असते, पण आभाळ निळं आणि खाली पांढरं असेल तर तीच थंडी सोसवते. सगळ्याच वर्षी सरोवर गोठत नाही, तेव्हा त्याची खात्री मी देणार नाही. सूर्याची मात्र देते. बफेलोत सगळ्यात लवकर अंधार होतो तो २१ डिसेंबरला नाही, तर १० डिसेंबरच्या आसपास. सूर्योदय जानेवारीपर्यंत उशिरा उशिरा होत जातो म्हणून २१ डिसेंबरपर्यंत दिवस लहान होत राहतो, पण संध्याकाळ त्याआधीच लांबायला लागलेली असते. संक्रांतीला सूर्यास्त पाचच्या पुढे जातो, फेब्रुवारीअखेर सहाला. तुमची वाईट वेळ संध्याकाळची आहे, म्हणजे या त्रासाचा तळ आता जवळ आला आहे.

म्हणून तिकीट आत्ता बदलू नका. तीन आठवडे मी सांगते ते करून बघा आणि मग ठरवा. नाताळच्या सुमारास लेक, जावई आणि तुम्ही बसा, ह्यांनाही फोनवर घ्या. तेव्हाही जीव घुसमटत असेल तर जानेवारीत खुशाल परत या. लेकीला पाळणाघराची किंवा बाईची व्यवस्था करायला तेवढा वेळ मिळेल, आणि तुम्ही ऐन बर्फात पळून गेल्याचा सल मनात राहणार नाही. लेकीच्या सासूबाई येणार असतील तर त्यांचं येणं अलीकडे घेता येईल का, तेही विचारा. आज आहे त्या मनानं मात्र निर्णय घेऊ नका. उजेड कमी झालेलं मन सगळ्या गोष्टींचं उत्तर 'घरी जाऊ' असंच देतं.

पहिलं औषध सकाळी बाहेर पडणं. लेक म्हणते जाऊ नकोस. मी म्हणते जा, पण नीट जा. घरातल्या दिव्यांखाली उजेड साधारण दोन-तीनशे लक्स असतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर तो काही हजार असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, मेंदूला नाही. तेव्हा 'ऊनच नाही तर बाहेर जाऊन काय करू' हे मनातून काढून टाका. नाश्ता झाला की अर्धा तास, रोज, ढग असले तरी.

नीट म्हणजे कसं ते सांगते, कारण घसरून खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच बिघडेल. बर्फाचा भुसभुशीत थर तितका घातक नसतो. घातक असतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, रस्त्यावर नुसता ओला डाग वाटावा असा पारदर्शक थर. मीठ टाकलेल्या, साफ केलेल्या पदपथावरूनच चाला. पावलं छोटी, गुडघे थोडे वाकवलेले, हात खिशाबाहेर. बुटांना खालून अडकवायचे रबरी पट्टे मिळतात, त्यांना बारीक धातूचे काटे असतात. जावयांना आणायला सांगा, आणि घरात शिरताना काढा, फरशीवर तेच घसरतात. जिथे खात्री वाटत नाही तिथून मागे फिरा. ज्या दिवशी पाऊस पडून गोठलाय त्या दिवशी अंगणातसुद्धा उतरू नका.

साडी नेसायची सवय आहे हे मला कळतं. घरात नेसा. बाहेर जाताना अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा आणि ओल आत न येणारा लांब कोट. खाली थर्मलवर सलवार किंवा ट्रॅकपँट. सुती कपडा अंगालगत नको, तो घाम धरून ठेवतो आणि मग गारठा लागतो. बोटं वेगळी नसलेले हातमोजे जास्त ऊब धरतात. कान झाका. लेकीच्या फोनवर दिसणारा आकडा फॅरनहाइटमधला असतो. ३२ म्हणजे आपलं शून्य. २५-३० आकडा असेल आणि वारा नसेल तर नीट कपड्यांत अर्धा तास चालणं जमतं. वारा असेल तर तेच तापमान हाडात शिरतं, तेव्हा वाऱ्याचा आकडाही बघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थंडीत दाब वाढतो हे लक्षात ठेवा, घरी मोजत राहा. आणि फावडं हातात घेऊ नका. जावई एकटे बर्फ उपसतात बघून जीव तुटेल, तरी नको. गारठ्यात ओला बर्फ उपसण्याचा ताण हृदयाला भारी पडतो.

बाहेर पडणं अशक्य अशा दिवसांसाठी उजेडाचा दिवा मिळतो. दहा हजार लक्सचा, अतिनील किरण गाळलेला घ्यायचा. सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत वीस ते तीस मिनिटं तो समोर, जरा बाजूला ठेवायचा. त्याच्याकडे बघत राहायचं नाही. चहा घ्या, स्तोत्र म्हणा, भाजी निवडा, फक्त डोळे उघडे आणि तोंड त्या दिशेला. अंतर त्याच्या कागदावर दिलेलं असतं, ते पाळा. संध्याकाळी लावू नका, झोप आणखी बिघडेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, काचबिंदू असेल, मधुमेहानं डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर आधी सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना कधी मन अतोनात चढण्याचा, म्हणजे बायपोलरचा त्रास झालाय, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नये.

ड जीवनसत्त्वाचंही बोलायला हवं. बॉस्टन जवळजवळ बफेलोच्याच अक्षांशावर आहे, आणि तिथे झालेल्या अभ्यासात दिसलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथल्या उन्हातून त्वचेत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही. आपल्या सावळ्या कातडीला तर भर उन्हातही जास्त वेळ लागतो. म्हणजे हिवाळ्यात ते गोळीतूनच मिळणार. पण येताना बॅगेत टाकलेली साठ हजार युनिटची पुडी मनानं सुरू करू नका. ते आठवड्याचं औषध आहे आणि रक्त तपासून द्यायचं असतं. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर विचारून रोजची लहान मात्रा घ्या. त्यांनाच थायरॉइड आणि बी-१२ शेवटचं कधी तपासलं तेही विचारा, कारण तेही असंच गळून गेल्यासारखं करतात. नातीला उन्हात धरायला मिळत नाही म्हणून तुम्ही हळहळत असाल. अंगावर पिणाऱ्या बाळांना तिथले डॉक्टर पहिल्या दिवसांपासून रोज ४०० युनिटचे थेंब देतात. लेक ते देते ना, एवढं बघा.

आता साडेचारची गोष्ट. तुम्हाला तेव्हाच का रडू येतं, याचं एक कारण आभाळात नाही, घड्याळात आहे. बफेलोत साडेचार वाजतात तेव्हा सांगलीत पहाटेचे तीन वाजलेले असतात. तिन्हीसांजेला जी हुरहूर लागते, ज्या वेळी आपण शेजारी डोकावतो, ओट्यावर बसतो, कोणाला तरी फोन लावतो, नेमक्या त्या वेळी तुमची सगळी माणसं झोपलेली असतात. ऑक्टोबरात अंतर साडेनऊ तासांचं होतं, आता साडेदहा झालं. तेव्हा फोन सकाळी ठेवा. तुमचे साडेआठ म्हणजे ह्यांचे संध्याकाळचे सात. ते जेवायला बसायच्या आधी, तुम्ही चहा घेताना, रोज ठरलेल्या वेळी. रात्रीच्या जागरणात तीन वाजता मात्र फोन हातात घेऊ नका. तेव्हा सांगलीत भर दुपार असते आणि बोलणारं कोणीही सापडतं, पण पुन्हा झोप येत नाही.

संध्याकाळ रिकामी सोडू नका. चार वाजताच, बाहेर अजून उजेड असताना, घरातले सगळे दिवे लावा. अंधार होताना बघत बसू नका, पडदे ओढून घ्या. देवापाशी दिवा तेव्हाच लावा आणि नातीला मांडीवर घेऊन शुभं करोति मोठ्यानं म्हणा. सातची वाट बघायचं काही कारण नाही. मग स्वयंपाक घ्या. डाळीला फोडणी, भाकरी थापणं, असं हातांना काम देणारं काहीतरी. शिक्षिका होतात, तर सांगलीतल्या किंवा तिथल्याच एखाद्या मुलाला मराठी वाचायला शिकवणं हा आणखी एक मार्ग. तिथे जन्मलेल्या मुलांच्या आया अशी शिक्षिका शोधत असतात.

आठवड्यातून दोनदा तरी घराबाहेर माणसांत जा. गेट्झव्हिलला हिंदू मंदिर आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथे कोणाची तरी आई, कोणाची तरी सासू भेटेल, जी तुमच्यासारखीच बाळंतपणाला आलेली असेल. सार्वजनिक वाचनालय आहे, उबदार आणि फुकट. बर्फ असताना पाय मोकळे करायला वॉल्डन गॅलेरियासारखा मॉल चालतो, सकाळी उघडताच गर्दी नसते. आणि एकदा साउथ पार्कमधल्या बोटॅनिकल गार्डनला नक्की जा. १९०० साली उघडलेलं मोठं काचघर आहे ते. बाहेर बर्फ असताना आत पामची झाडं, उष्ण प्रदेशातली रोपं, ओली माती. दारातून आत गेल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते आणि कोट काढावा लागतो. एखाद्या आठवड्याच्या दिवशी सकाळी जावयांना सोडायला सांगा आणि दोन तास तिथेच बसा. नात लहान आहे, सर्दी-तापाचे दिवस आहेत, तेव्हा गर्दीत तिला नेऊ नका.

आता खरं अवघड काम. लेकीला सांगायचं. तुम्ही तिला त्रास नको म्हणून नळ सोडून रडता. पण ताई, तीही त्याच घरात आहे, त्याच आभाळाखाली, दोन महिन्यांची ओली बाळंतीण, रात्रीची झोप नाही, आणि रजा संपत आल्याची धास्ती. ती पहिल्यांदाच ओरडली असं तुम्ही लिहिलंत. मला त्यात उद्धटपणा दिसला नाही, थकवा दिसला. कोण जाणे, तीही दुसऱ्या बाथरूममध्ये नळ सोडत असेल. बाळंतपणानंतर मन खचणं सर्रास होतं आणि आया तेच लपवतात जे तुम्ही लपवताय. ती सतत रडवेली असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नाही म्हणत असेल, बाळ झोपल्यावरही तिला झोप येत नसेल, तर तिच्या डॉक्टरांना लगेच कळवायला हवं, आणि ते आधी तुमच्याच लक्षात येईल.

म्हणून तुम्ही आधी बोला. मोठं काही नको. नात झोपली की म्हणा, 'अगं, या अंधारानं मला फार उदास वाटतंय. तुझ्यामुळे नाही, बाळामुळे तर नाहीच. सकाळी अर्धा तास मला बाहेर जायचंय. तू येशील?' जावई घरी असतील तेव्हा बाळ त्यांच्याकडे द्या आणि दोघी एकत्र जा. तिलाही त्या उजेडाची तुमच्याइतकीच गरज आहे. बाळाला थंडीत किती वेळ न्यायचं ते त्यांच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. गाडीतून नेताना मात्र जाड फुगीर कोट घालून तिला सीटच्या पट्ट्यांत बांधू नका, पट्टे सैल राहतात. आधी बांधा, मग वरून दुलई द्या.

तीन आठवडे हे करूनही रडू थांबलं नाही, जेवण-झोप आणखी बिघडली, काहीच करावंसं वाटेना, तर डॉक्टरांकडे जायचं. तुमच्या प्रवासी विम्यात काय बसतं ते जावयांना आधीच वाचून ठेवायला सांगा. मानसोपचाराचा खर्च बरेचदा त्यात नसतो, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं सोपं पडेल. औषध लागलं तर घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि जगू नये असा विचार एकदा जरी मनात आला, तर तीन आठवडे वगैरे काही नाही. त्याच क्षणी लेकीला उठवा आणि ९८८ या आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीला फोन लावा. अमेरिकेत कुठूनही, दिवसरात्र कधीही तो नंबर चालतो.

अंगाला भेगा पडत असतील तर तीही बंद घरातल्या गरम, कोरड्या हवेची करणी. हीटर चालू असताना खोलीत वाफ सोडणारं यंत्र ठेवा, टाचांना रात्री कोकम तेल लावून मोजे घाला, तहान लागली नाही तरी पाणी प्या.

राहिली शेगडी. इथे लेक बरोबर आहे, आणि तुम्हाला वाईट वाटलं तरी मी तिच्याच बाजूनं बोलणार. सांगलीच्या घरात खिडक्या उघड्या असतात, कौलांतून, झरोक्यांतून वारा खेळतो. तिथलं घर हिवाळ्यासाठी सगळ्या फटी बुजवून बांधलेलं असतं. त्यात निखारे पेटवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणसं जातात, आणि तान्ह्या बाळाला तो सगळ्यात आधी बाधतो. बाळाच्या छातीसाठी साधा धूरही वाईटच. अलार्म वाजला ते बरं झालं. तो काढून ठेवू नका, त्यावर टॉवेल टाकू नका. लेक ओरडली ती तुमच्यावर नाही, घाबरून ओरडली. तिला एकदा म्हणा, 'मला हे माहीत नव्हतं गं.' शेक द्यायचाच तर लेकीच्या कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, टॉवेलात गुंडाळून. बाळाला शेक नको, त्याची कातडी भाजते. तेल मात्र सोडू नका. खोली आधी उबदार करून घ्या, दार लावा, हात एकमेकांवर चोळून गरम करा, आणि नातीला पायांवर घेऊन निवांत चोळा. त्यावर लेक काही म्हणणार नाही, आणि तशी आंघोळ घालणारं तिथे दुसरं कोणी नाही.